डावखुरं धनुष्य

क्षिप्राच्या नाकावर राग असतो, असं तिच्या सासरी लग्नाच्या पहिल्या वर्षातच ठरून गेलं होतं. तो राग तिथे कोण आणून ठेवतं, याची चौकशी करावी असं कोणाला वाटलं नाही. पुण्याची मुलगी, जरा तिखट असायचीच, असं म्हणून सगळे मोकळे. नवरा मानस तर पाहुण्यांसमोर हसत सांगायचा, "आमच्याकडे सिलिंडर संपला तरी अडत नाही, क्षिप्राच्या डोक्यावर चहा उकळतो." पाहुणे हसायचे. मग क्षिप्राला खरोखरच राग यायचा आणि मानसचं म्हणणं खरं ठरायचं. असल्या माणसाशी भांडून जिंकायचं तरी कसं?

तर ही क्षिप्रा, चाळिशीला टेकलेली, राहायला दिल्लीतल्या द्वारकेच्या एका सोसायटीत आणि नोकरीला नोएडाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. म्हणजे रोज मेट्रोच्या एका टोकाला बसून जवळजवळ दुसऱ्या टोकाला उतरायचं, आणि संध्याकाळी तेच उलटं. गेल्या उन्हाळ्यात तिने जवळच्या मैदानावर रविवारी सकाळी भरणाऱ्या धनुर्विद्येच्या वर्गात नाव घातलं. कोणी विचारलं तर पाठीला व्यायाम म्हणून, असं सांगायची. खरं कारण असं, की तिथे समोर एक रंगीत गोल लावलेला असतो, त्याच्यावर काहीतरी जोरात सोडायचं असतं, आणि तसं करताना कोणी 'शांत हो' म्हणत नाही.

पण तिथेही माशी शिंकली. क्षिप्रा डावखुरी, आणि क्लबची सगळी धनुष्यं उजव्यांची. बाण टेकवायची खाच मुठीच्या एकाच बाजूला असते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याला ती सोयीची, डाव्या हाताने ओढणाऱ्याला उलटी. कोच बरेच दिवस 'देखते हैं' म्हणत राहिला आणि एका रविवारी सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मॅडम, या तो राइट हँड से सीख लो, या अपना ले आओ. एक के लिए अलग से कौन रखता है?"

क्षिप्राच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लहानपणी प्रसादासाठी डावा हात पुढे केला की त्यावर फटका बसायचा. लग्नानंतर सासूबाई, म्हणजे हेमलताबाई, फटका मारत नसत, पण तीर्थ देताना पळी हवेत थांबवून 'उजवा, उजवा' म्हणत, आणि हात बदलेपर्यंत पळी खाली येत नसे. आणि आता ऑफिसात एवढी टीम सांभाळणाऱ्या बाईला एक गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस सांगत होता की हात बदल. ती काही न बोलता घरी आली. न बोलता आली याचा अर्थ मानसला कळायला हवा होता.

"एवढंच ना?" मानस म्हणाला. "मी मागवतो ना ऑनलाइन. लेफ्ट हँडवालं बाहेरून येईल, वेळ लागेल जरा. बर्थडे गिफ्ट समज. चलो, डन."

मानस वाईट माणूस नव्हता, आणि त्याच्याबद्दलची सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच होती. क्षिप्राने बाल्कनीत झाडं लावली, तर ती ऑफिसला गेल्यावर त्याने माळी बोलावून कुंड्या बदलून टाकल्या. तिने बेडरूमची एक भिंत रंगवायला घेतली, तर अर्ध्यावर त्याने रंगाऱ्याला आणलं, तिला त्रास नको म्हणून. तिने हातात घेतलेलं कुठलंही काम मध्येच कधीतरी तिच्या हातून निसटून त्याचं होऊन जायचं, आणि वर आभार मानायची वेळ तिच्यावर यायची. बर्थडे गिफ्ट झालेलं धनुष्य तिला नकोच होतं.

"मी बनवणार," ती म्हणाली.

"काय बनवणार?"

"धनुष्य."

मानस हसला. तो हसला नसता तर कदाचित ती दोन दिवसांनी विसरूनही गेली असती.

मग मेट्रोत जाता-येता तिने फोनवर व्हिडिओ बघून बघून डोळे शिणवले. एकाच लाकडातून कोरलेलं धनुष्य फार अवघड, लाकूड ओळखायलाच वर्षं जातात. नवशिक्याला त्यातल्या त्यात जमेल असं म्हणजे थरांचं. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, वरखाली फायबरग्लासची पट्टी, प्रत्येक थरात इपॉक्सी, म्हणजे दोन बाटल्यांमधलं मिसळून तयार होणारं गोंदासारखं रसायन. मग सगळा गठ्ठा प्लायवूडच्या बाकदार साच्यावर आवळून बांधायचा आणि उबेत वाळू द्यायचा. अशी दोन पाती आणि मध्ये मूठ. पाती मुठीला बोल्टने बसवायची, म्हणजे काम झालं की तिन्ही तुकडे सुटे करून पाठीवरच्या बॅगेत घालता येतात. हे तिला फार आवडलं. एक वस्तू अशी असेल, जी घरातून निघताना पूर्णपणे तिच्याबरोबर निघेल आणि मागे कोणाच्या हाताला लागणार नाही.

तिने बाल्कनीत एक जुनं टेबल लावलं आणि रविवारी जेवणं झाल्यावर जाहीर केलं, "बाल्कनीतल्या टेबलावरच्या कुठल्याही वस्तूला कोणी हात लावायचा नाही. कोणीही."

हेमलताबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. घरात तिसरं माणूस त्याच, तेव्हा 'कोणीही' कोणासाठी आहे ते त्यांना कळलं. "बरं," त्या म्हणाल्या.

पहिले काही आठवडे क्षिप्राने जे केलं त्याला काम म्हणण्यापेक्षा नासधूस म्हटलेलं बरं. पहिल्या साच्याचा बाक एकीकडे सरळ आणि एकीकडे पोट सुटल्यासारखा निघाला. रसायन एकदम जास्त कालवलं तर ते वाटीतच तापून धूर सोडायला लागलं आणि दगड झालं. हेमलताबाईंची स्टीलची वाटी त्यात कायमची गेली. त्यांनी दुसरी चेपलेली वाटी काढून टेबलाशेजारच्या खिडकीत ठेवली. टेबलावर ठेवली नाही. क्षिप्राला तेव्हा यात बघण्यासारखं काही दिसलं नाही, ती कानशीने मूठ घासत बसली होती आणि तळहाताला फोड आले होते. मूठ मात्र सुरेख झाली. तिच्या उजव्या मुठीत बसणारी, खाच बरोबर तिच्या बाजूला.

अष्टमीच्या संध्याकाळी तिने पट्ट्या तयार केल्या. पॉलिश पेपरने घासल्या, हातमोजे घालून स्पिरिटने पुसल्या, बटर पेपरमध्ये गुंडाळून टेबलावर ठेवल्या. या कामातला पहिला नियम असा, की चिकटवायच्या पट्टीला तेलाचा अंशसुद्धा लागता कामा नये. नुसत्या बोटाचा चिकटपणाही नको. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर ती पाती चिकटवणार होती, आणि तिसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

नवमीला ती संध्याकाळी परत आली तेव्हा हॉलमध्ये खंडेनवमीचा पाट अजून तसाच होता. या घरात ही पूजा फार मनापासून होते. सासरे सरकारी इंजिनीअर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची ड्रॉइंगच्या सामानाची पेटी अजून पाटावर मधोमध असते. शेजारी मानसचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, आणि विळी. एका वर्षी क्षिप्रानेही आपला लॅपटॉप आणून ठेवला होता. मग नारळाला जागा होईना, तेव्हा हेमलताबाईंनी तो उचलून सोफ्यावर ठेवला. क्षिप्राने नंतर कधी ठेवला नाही, आणि कोणी विचारलंही नाही. तिच्या कामाची वस्तू म्हणून विळी होतीच की पाटावर.

तिने पाटाकडे बघितलंही नाही. कपडे बदलून सरळ बाल्कनीत गेली, बटर पेपर उघडला, रसायन बरोबर मापात कालवलं आणि थर लावत गेली. चिकटवायच्या आधी पुन्हा एकदा स्पिरिटने पुसून घ्या, असं व्हिडिओतला माणूस दर वेळी बजावायचा. पण तिने कालच पुसल्या होत्या, गुंडाळल्या होत्या, आणि हात लावू नका असं सांगितलं होतं. सांगितलं की झालं, असं ती धरून चालली. इतकी वर्षं या घरात राहूनसुद्धा.

सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तिने साचा करकचून बांधला आणि उबेसाठी दिवे लावलेल्या खोक्यात ठेवला. दसऱ्याला सकाळी उठून बघते तर दिवे बंद.

"मीच बंद केले," मानस म्हणाला. "केवढं तापलं होतं ते. आग लागली असती यार."

तेव्हा जे भांडण झालं ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असणार. तिने दिवे पुन्हा लावले. रसायन वाळलं, पाती साच्यावरून सुटून आली, बाहेरून अगदी नीट दिसत होती. दिवाळीच्या आगेमागे तिने ती कापून निमुळती केली, टोकांना दोरी अडकवायच्या खाचा पाडल्या, भोकं पाडून बोल्ट बसवले. सगळ्या दिवाळीत तिचा चेहरा एवढा उजळला होता, की मानसने चुलतबहिणीला फोनवर सांगितलं, क्षिप्राची तब्येत सुधारली आहे.

पुढचं काम सगळ्यात नाजूक. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला टांगायचं, दोरी थोडी थोडी खाली ओढायची आणि दोन्ही पाती सारखी वाकतात का ते बघायचं. जे ताठ राहील ते कानसायचं. रविवारी दुपारी ती दोरी हलक्या हाताने ओढत होती. वाकली. आणखी ओढली, आणखी वाकली. क्षिप्राला हसू फुटलं. आणि वरच्या पात्यातून वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. थर एकमेकांपासून सुटून पातं पुस्तकासारखं उघडलं.

आवाज ऐकून मानस आला. तोंड उघडून तो काही बोलायच्या आतच तिने सुरू केलं.

"तू दिवे बंद केलेस. तुला सांगितलं होतं हात लावू नको म्हणून. तुला माझी एक गोष्ट माझ्याजवळ राहू देता येत नाही. झाडं घेतलीस, भिंत घेतलीस, हेही घे. घे, तुझंच आहे."

"अगं, मी आग लागेल म्हणून..."

"लागली असती तर बरं झालं असतं."

मानसचा चेहरा उतरला. तो आत गेला. क्षिप्रा तिथेच जमिनीवर बसली. रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच तिला जास्त संताप आला. मग हाताला काहीतरी चाळा म्हणून तिने सुरीचं पातं घालून ते थर आणखी उकलले.

रसायन नीट धरलं असतं तर लाकडाचे तंतू उपटून आले असते. इथे ते काचेसारखं गुळगुळीत सुटलं होतं, लाकडाला लागलंच नव्हतं. आणि बरोबर मध्यावर बोटाच्या टोकाएवढा पिवळसर लाल ठिपका. तिने पुढचा थर उकलला. तिथेही ठिपका. दुसरं पातं फोडलं. त्यातही.

ती पट्टी घेऊन स्वयंपाकघरात गेली. हेमलताबाई मटार सोलत होत्या.

"आई, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा लावला, पट्टी उजेडात धरली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "कुंकू आहे."

"माझ्या पट्ट्यांवर?"

"खंडेनवमीला लावलं होतं. मग पुसून होतं तसं गुंडाळून ठेवलं."

"कशाने पुसलं?"

"पदराने. कोरड्या लाकडावर कुंकू टिकेना, म्हणून आधी तेलाचं बोट लावलं होतं."

तेलाचं बोट. एखाद्या वैऱ्याने ठरवून केलं असतं तरी इतकं बिनचूक जमलं नसतं. एका पट्टीला तेल लावलं असतं तर बाकीच्यांनी कदाचित धरून ठेवलं असतं. पण हेमलताबाई कुठलंही काम अर्धवट करत नाहीत. प्रत्येक पट्टीला बोट, प्रत्येक पट्टीला कुंकू, आणि मग पदराने ते तेल टोकापासून टोकापर्यंत नीट पसरवून दिलेलं.

"मी सांगितलं होतं," तिचा आवाज चढला. "कोणीही हात लावायचा नाही म्हणून. कोणीही म्हणजे तुम्हीसुद्धा."

"पूजा म्हणजे हात लावणं असं मला वाटलं नाही."

"मग काय असतं ते?"

हेमलताबाईंनी मटारची शेंग खाली ठेवली. "त्या वर्षी मी तुझा लॅपटॉप उचलून सोफ्यावर ठेवला. तू काही बोलली नाहीस, पण तुझं तोंड मला दिसलं होतं. तेव्हापासून ते डोक्यात होतं माझ्या. या वर्षी म्हटलं, हिचं हत्यार सगळ्यांच्या आधी पाटावर. ह्यांच्या पेटीच्याही आधी. तसं मांडलं, पूजा केली. तुला असलं आवडत नाही, म्हणून तू यायच्या आत ठेवूनही दिलं."

मानसवर चिडणं सोपं होतं, ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं आणि तिच्याही. या रागाला मात्र नीट उभंही राहता येईना. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या घरात तिची म्हणून एक वस्तू पहिल्यांदा मधोमध मांडली गेली, आणि ती तिथे मांडली म्हणूनच मोडली. आणि ती मांडली होती हे तिला कळायचं कधी, तर मोडल्यावर. यात हसण्यासारखं काही असेल तर ते तिला त्या दिवशी दिसलं नाही.

"मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "मान द्यायचा होता तर मला विचारून द्यायचा होता. मी नाही म्हटलं नसतं. मूठ ठेवली असती पाटावर, साचा ठेवला असता. पट्ट्या तेवढ्या नको, असं सांगितलं असतं. तुम्ही सगळे माझं सगळं करता, आणि मला विचारायचं तेवढं राहतं."

आता हेमलताबाईही चिडल्या. त्यांच्या कानशिलांवर लाली चढली. "मला या घरात कोणी कधी विचारलं? सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून इथे आलो तेव्हा? माझा पाट कुठे ठेवायचा, माझी खोली कुठली, कोणी विचारलं? मला कोणी विचारलंच नाही, तर मला विचारायची सवय कुठून लागणार?"

"म्हणून माझ्यावर काढायचं?"

"काढलं नाही. कुंकू लावलं."

मानस दारात येऊन उभा राहिला होता. "चलो, जाऊ दे ना आता," तो म्हणाला. "एका लाकडासाठी..."

"तू गप्प बस," दोघी म्हणाल्या.

त्यानंतर बरेच दिवस घरात कामापुरतं बोलणं चाललं. मीठ दे, कुरियर आलंय, उद्या पाणी येणार नाही. क्षिप्राने मानसची माफी मागायला हवी होती, पण दिवे त्याने बंद केले होतेच, तेव्हा माफी राहिली. खरं तर ती सगळ्यात जास्त स्वतःवर चिडली होती. चिकटवायच्या आधी स्पिरिटचा एक हात फिरवला असता तर तेल, कुंकू, पदर, सगळं निघून गेलं असतं. पण हे ती कोणाजवळ कबूल करणार नव्हती. या घरात एक चूक कबूल केली की बाकीच्यांच्या सगळ्या चुका तिच्या खाती पडायच्या.

डिसेंबरात हवा धुराने कोंदली आणि थंडी पडली, तेव्हा ती पुन्हा कीर्तीनगरच्या लाकूडबाजारातून पट्ट्या घेऊन आली. मूठ शाबूत होती, पाती तेवढी नवी करायची होती. शनिवारी दुपारी तिने टेबल आवरलं, हातमोजे चढवले, स्पिरिटची बाटली उघडली. बाल्कनीच्या दाराशी हेमलताबाई येऊन उभ्या राहिल्या. शाल गुंडाळलेली, हात शालीच्या आत.

मग त्यांनी विचारलं, "मी धरू का एक टोक?"

क्षिप्राने वर पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं. एका शब्दात सगळं मिटलं असतं, घर पुन्हा बोलायला लागलं असतं, मानसने सुटकेचा श्वास टाकून चहा मागितला असता.

"नको," ती म्हणाली.

हेमलताबाईंनी मान हलवली. "बरं. मग बघते नुसतं."

त्यांनी स्टूल उंबऱ्याच्या अलीकडे ओढलं आणि बसल्या. क्षिप्राने प्रत्येक पट्टी पुसली, थर लावले, ट्यूब आवळली. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, ती दोरी ओढून सोडली की काय होतं. बाण लावला असेल तर सगळा जोर बाणात जातो, क्षिप्राने सांगितलं. बाण न लावता सोडली तर तो जोर पात्यांतच राहतो, आणि पाती तडकतात. म्हणून रिकामी दोरी कधी सोडायची नाही, ओढली असेल तर तशीच धरून हळूहळू परत आणायची.

"रिकामी सोडायची नाही," हेमलताबाई म्हणाल्या, आणि उठून कुकर लावायला गेल्या.

या खेपेला पाती टिकली. खालचं जरा ताठ होतं, ते तिने कानसून कानसून वळणावर आणलं. जानेवारीतल्या एका धुकट रविवारी तिने मैदानावर बॅग उघडली, बोल्ट कसले, दोरी चढवली. पहिला बाण गोलाच्या खालच्या कडेला लागला. जेमतेम, पण लागला.

कोचने धनुष्य हातात न घेता वाकून पाहिलं. "खुद बनाया?"

"अपना ले आई," क्षिप्रा म्हणाली. तो आणखी काही म्हणेल म्हणून तिने पुढची वाक्यंही तयार ठेवली होती, पण तो पुढे गेला. तयार ठेवलेली भांडणं अशी वाया गेली की तिला चुकल्यासारखं होतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी घरी हळदीकुंकू होतं. मैदानावरून यायला क्षिप्राला उशीर झाला आणि दोरी उतरवायच्या आतच बायका यायला लागल्या, म्हणून तिने धनुष्य तसंच आतल्या खोलीत भिंतीला टेकवलं. नोएडाहून मानसचा कॉलेजपासूनचा मित्र राघव आणि त्याची बायको मैत्रेयी आली होती. क्षिप्रा स्वयंपाकघरात कॉफीचे कप ट्रेमध्ये लावत होती. हॉलमधून हसण्याचा आवाज आला, आणि मग मानसचा आवाज, कौतुकाने भरलेला, "अरे, आम्ही बनवलंय घरी."

आम्ही. ती ट्रे घेऊन दारात आली.

राघवने धनुष्य धरलं होतं. उजव्याच्या हिशोबाने, म्हणजे अगदी उलटं. एक पाय पुढे टाकून, छाती काढून, पडद्यावरचे राजे उभे राहतात तसा उभा. दोरी त्याने हनुवटीपर्यंत ओढली होती. बाण नव्हता. मानस फोनवर शूटिंग करत होता. "सोड, सोड," तो म्हणत होता.

क्षिप्राच्या दोन्ही हातांत ट्रे, वर गरम कॉफी. आधी ट्रे ठेवायला ती टीपॉयकडे वळली.

हेमलताबाई मैत्रेयीला कुंकू लावत होत्या. त्यांनी करंडा खाली ठेवला, उठल्या, आणि राघवच्या दोरी ओढलेल्या मुठीवर आपली मूठ घट्ट आवळली.

"सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "हळूहळू परत आण. हळू."

राघव गोंधळला, पण हात त्यांच्या मुठीबरोबर पुढे येत गेला. दोरी जागेवर आली.

"कोणाला विचारून उचललंस?"

"काकू, मानसनेच तर दिलं..."

"मानसचं नाही ते." मग त्या मुलाकडे वळल्या. "तू विचारलंस तिला?"

मानसने फोन खिशात घातला. क्षिप्राने ट्रे टीपॉयवर ठेवला, कॉफी सांडली, सांडू दिली. राघववर, मानसवर, त्या 'आम्ही'वर ती चिडली होतीच, पण हे बोलायचं आपलं होतं आणि ते दुसऱ्या कोणाला बोलावं लागलं, याचाही तिला राग आला होता. तिने राघवच्या हातातून धनुष्य घेतलं.

"याला पुन्हा हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आणि मानस, हे मी बनवलंय. आम्ही नाही."

"सॉरी वहिनी, मी आपलं गंमत म्हणून..." राघव म्हणाला.

"क्षिप्रा, सणाचा दिवस आहे," मानस हळूच म्हणाला. "जरा शांत..."

"मला माहीत आहे कुठला सण आहे."

मैत्रेयी वाणाच्या डबीचं झाकण उघडत आणि मिटत राहिली. मग हेमलताबाईंनी तिळगुळाची वाटी उचलली आणि सगळ्यांना ओलांडून सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या. क्षिप्राच्या उजव्या हातात धनुष्य होतं. ते ती आता कुठेही खाली ठेवणार नव्हती. तिने डावा हात पुढे केला आणि वाट बघितली.

वाटी हवेत थांबली नाही. हेमलताबाईंनी तिच्या डाव्या तळहातावर दोन वड्या ठेवल्या.

"तिळगूळ घे," त्या म्हणाल्या. त्याच्या पुढचं, सगळेजण ज्याची वाट बघत होते ते, त्या म्हणाल्या नाहीत. वाटी घेऊन त्या पुढच्या बाईकडे वळल्या.